ठाऊक असलेल्या दुकानाचा रस्ता

मार्चमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, डेव्हेन्टरच्या ब्रिंक चौकात नेसरीनने आपल्या सख्ख्या आईला ओळख दाखवली नाही.

दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ऑफिसातली मंडळी पाय मोकळे करायला एक फेरी मारतात, तशी ती निघाली होती. सोबत रुटगर होता, तिच्या विभागाचा नवा प्रमुख. नेसरीन घरं भाड्याने देणाऱ्या एका संस्थेत सोळा वर्षं काम करत होती. भाडेकरूंच्या तक्रारी, दुरुस्त्या, शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. रुटगर येऊन तीनच महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता. मोकळा होता, दुसऱ्याच्या कामाची कदर करणारा होता, आणि विभागातली वरची जागा नेसरीनला मिळावी असं आपल्या मनात आहे, हे त्याने त्याच दिवशी चालता चालता सुचवलंही होतं.

मग बोलणं सकाळी काउंटरवर आलेल्या एका म्हाताऱ्या भाडेकरू बाईकडे वळलं. नळ गळतोय, एवढं सांगायला तिला मुलीला फोन लावावा लागला होता. चाळीस वर्षं या देशात काढून माणसाला बेकरीचा रस्तासुद्धा विचारता येऊ नये, याला काय म्हणावं, असं रुटगर म्हणाला. रागाने नव्हे, नुसतं नवल करत. नेसरीन हसली. असल्या बोलण्यावर कसं हसायचं ते तिला शाळेपासून जमत होतं.

तेवढ्यात समोरून आई आली.

झेलिहा एकसष्ट वर्षांची होती. लांब करडा कोट, डोक्याला बारीक फुलांचा रुमाल, पायांत जाड तळव्याचे बूट. या सगळ्यात नवीन काही नव्हतं. नवीन होती ती हातातली वही. चौकाच्या मधोमध वही उघडून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे न्याहाळत ती उभी होती. आई ग्रंथालयातल्या डच भाषेच्या वर्गाला जायला लागली आहे, हे नेसरीनला माहीत होतं. आईने फोनवर तसं सांगितलं होतं, आणि नेसरीनने 'बरं केलंस' म्हणून घाईने दुसराच विषय काढला होता. त्या घाईला कारण होतं, पण ते पुढे येईल.

आईने नेसरीनला अजून पाहिलं नव्हतं. तिने उंच आणि हसऱ्या रुटगरला निवडलं.

"साहेब, तुम्हाला एक विचारू का?" आई डचमध्ये म्हणाली. एकेक शब्द वेगळा, सोन्याचे मणी तागडीत टाकावेत तसा जपून. "औषधांचं दुकान कुठे आहे?"

नेसरीनचे पाय आपसूक मागे सरकले. तिने काही ठरवलं नव्हतं. ती नुसती वळली आणि चीजच्या दुकानाच्या काचेत पाहू लागली, जणू आत मांडलेल्या त्या पिवळ्या चाकांइतकं महत्त्वाचं जगात काही नव्हतं. मागे रुटगर सावकाश, मोठ्या आवाजात, हातवारे करत रस्ता सांगत होता. सरळ जायचं, अगदी सरळ. मग तिसरी गल्ली, डावीकडे. त्याने तीन बोटं दाखवली. आई ते शब्द तोंडात घोळवत होती: सरळ, तिसरी, डावीकडे. मग तिचा आवाज मध्येच थांबला. वळून न पाहताही नेसरीनला कळलं की आईने आपल्याला पाहिलंय. नेसरीनच्या अंगातल्या कोटाची खालची घडी गेल्याच हिवाळ्यात आईने शिवून दिली होती.

"नेसरीन," रुटगर म्हणाला, "तू एकदा तुर्कीत सांगून टाक ना. म्हणजे बाई चुकायच्या नाहीत."

नेसरीनला वळावंच लागलं. आई तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"त्यांना समजलंय, वाटतं," नेसरीन डचमध्ये म्हणाली.

त्यांना. स्वतःच्या आईबद्दल.

आईची नजर तिच्यावर फार तर एक क्षण थांबली. मग तो चेहरा असा काही मिटला की दुकानातल्या अनोळखी मुलीसमोर असतो तसा शांत आणि अदबशीर झाला. "हो, समजलं," आई म्हणाली. "धन्यवाद, साहेब." आणि नेसरीनकडे वळून, वर्गात शिकवलं होतं तसं, अगदी व्याकरणशुद्ध: "तुम्हालाही धन्यवाद, बाई."

ती चालू लागली. औषधांचं दुकान दुसऱ्या गल्लीत होतं. आई तिथे तीस वर्षं जात होती. तरी ती दुसरी गल्ली ओलांडून पुढे गेली आणि तिसरीत डावीकडे वळली, कारण रुटगर अजून तिच्याकडे पाहत होता.

"बघ," तो म्हणाला, "मनापासून प्रयत्न करतात तेव्हा किती बरं वाटतं."

त्या दुपारी नेसरीनच्या हातून एकही काम धड झालं नाही. आणि तिला राहून राहून आठवत होता तो चौक नव्हता. तिला आठवत होती अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक खोली.

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. रेल्वेलाइनजवळच्या चाळवजा इमारतीत ते राहायचे. बाप कारखान्यात पाळीवर, धाकटा तुंजाय तीन वर्षांचा, आणि आईला डचचा एक शब्द येत नव्हता. नेसरीन आईची जीभ होती. डॉक्टरकडे, शाळेत, पोस्टात, शेजारणीच्या दारात, सगळीकडे आई बोलायची ते ती डचमध्ये करायची आणि लोक बोलायचे ते तुर्कीत. एक दिवस आई स्वतः होऊन म्हणाली, वस्तीच्या सभागृहात बायकांसाठी भाषेचा वर्ग निघालाय म्हणे, चल, नाव घालू.

टेबलामागे लुबर्सबाई बसल्या होत्या. गोऱ्या, लांब हातांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आईकडे, तिच्या रुमालाकडे, मग नेसरीनकडे पाहिलं आणि सगळं नीट सांगितलं. दर बुधवारी दोन ते चार. फी नाही. पुढच्याच आठवड्यात सुरू होतंय, तुझ्या आईला सांग, आम्हाला फार आनंद होईल. फक्त एक, लहान मुलांना आणता येणार नाही, त्यांना घरी कोणीतरी सांभाळायला हवं.

बुधवारी शाळा अर्धाच दिवस असते. घरी सांभाळणारं कोण, हे नेसरीनला विचारावं लागलं नाही. आणि बुधवारी दुपारीच तिची जिम्नॅस्टिक्सची शिकवणी असायची; अरुंद लाकडी पट्टीवरून चालणाऱ्या मुलींच्या गटात तिची निवड होऊन दहा दिवसही झाले नव्हते.

"जागा भरल्यात म्हणते," ती आईला तुर्कीत म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू म्हणते."

आईने विचारलं, बाई तर एवढा वेळ बोलत होती. नेसरीनने सांगितलं, हे लोक असंच पाल्हाळ लावतात. आईने लुबर्सबाईंना मान लववली आणि दोघी घरी आल्या. पुढच्या वर्षी आईने पुन्हा आठवण केली तेव्हा नेसरीनने वर्ग बंद पडल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा आईने विचारलं नाही. मग तिला एका धुलाई केंद्रात काम लागलं, तिथे सगळ्या बायका तुर्कीच बोलायच्या. आणि बघता बघता वर्षं निघून गेली. नेसरीनची ती शिकवणी दोन वर्षांतच सुटली होती.

ऑफिस सुटल्यावर ती घरी न जाता आईकडे गेली.

आईने दार उघडलं, नेहमीसारखं "ये, पोरी" म्हटलं आणि चहा ठेवला. तीन वर्षांपूर्वी बाप गेल्यापासून ती एकटीच राहत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीच वही उघडी पडली होती. पाच ओळी आखलेल्या, चार भरलेल्या, पेन्सिलीची मोठी गोल अक्षरं. वर्गाच्या हान्नेकेबाईंनी गृहपाठ दिला होता: रस्त्यावर पाच माणसांना पाच दुकानांचा रस्ता विचारायचा आणि मिळालेलं उत्तर लिहून आणायचं.

"पण तुला तर सगळी दुकानं ठाऊक आहेत," नेसरीन म्हणाली.

"म्हणून तर. ठाऊक असलेल्या दुकानाचाच रस्ता विचारायचा. म्हणजे उत्तर कळलं की नाही ते आपलं आपल्याला कळतं." आईने चहाचे छोटे पेले मांडले. "तुझा साहेब गोड आहे हं. पण तिसरी गल्ली म्हणाला. या गावात राहतो नि औषधांचं दुकान ठाऊक नाही."

"मग तू तिसरीत का वळलीस?"

"तो बघत होता ना. त्याला वाईट वाटलं असतं."

नेसरीनने पेला खाली ठेवला. दुपारचं काहीतरी बोलावं म्हणून ती अडखळत सुरू झाली, पण आईने हातानेच थांबवलं. ऑफिसचा माणूस सोबत होता, मला काय कळत नाही, असं म्हणाली. नेसरीनने सांगितलं, तसं नाही, मला लाज वाटली.

"माझी?"

आईने पेल्यात साखर ढवळली. मलाही माझ्या सासूची लाज वाटायची, ती म्हणाली. बाजारात ती वाकडी वाकडी चालायची, तर मी चार पावलं पुढे राहायचे. होतं असं तरुणपणी.

ओरडली असती तर बरं झालं असतं. हा समजूतदारपणा नेसरीनला सोसेना. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं, सभागृह, टेबल, बुधवार, तुंजाय, शिकवणी, सगळं, उलटसुलट.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, नीट समजलं नाही, परत सांग. नेसरीनने पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश.

आईने उठून गॅस बंद केला. पाठमोरीच म्हणाली, "म्हणजे जागा होती."

"होती."

"आणि ती मला ये म्हणाली होती."

"फार आनंद होईल म्हणाली होती."

नेसरीनला वाटलं, आता आई त्या वर्षांबद्दल बोलेल. धुलाई केंद्राबद्दल, शाळेच्या सभांमध्ये मागच्या खुर्चीवर मुकाट बसण्याबद्दल, न वाचता आलेल्या पत्रांबद्दल. या सगळ्याची उत्तरं नेसरीनने कैक वेळा मनात जुळवली होती. पण आई भलत्याच ठिकाणी गेली होती.

"मी त्या बाईला अठ्ठावीस वर्षं नमस्कार केला नाही," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. लुबर्सबाईंनी त्या दिवशी आपल्या रुमालाकडे पाहिलं, ते तिच्या डोक्यात बसलं होतं. जागा भरल्यात ही नुसती सबब, आपल्यासारखी बाई तिला वर्गात नको होती, अशी तिची खात्री झाली होती. लुबर्सबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. बेकरीत, बसथांब्यावर भेटल्या की हसून काहीतरी म्हणायच्या. आई तोंड फिरवायची. एकदा पावसात त्यांनी छत्री पुढे केली तर आई भिजत निघून गेली होती. आणि बाप गेला तेव्हा त्यांनी दारातून एक कार्ड आत सरकवलं होतं, पाकिटावर मागे त्यांचं नाव होतं. तेवढं नाव आईला वाचता आलं होतं.

"न उघडता टाकलं मी ते," आई म्हणाली. "माणूस मेल्यावर आलेलं कार्ड."

हे नेसरीनला ठाऊक नव्हतं. आपल्या खोट्याने आईचं नुकसान केलं, एवढाच हिशेब तिने आजवर धरला होता. त्या खोट्याने आईला कुणाशी तरी वाईट वागायला लावलं असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती आईच्या हाताला हात लावायला गेली, पण आईने हात काढून घेतला.

"आता घरी जा," ती म्हणाली. पोरी म्हणाली नाही.

पुढचे दोन दिवस आईने फोन उचलला नाही. तुंजायने अर्न्हेमहून फोन करून विचारलं, की आईचं बिनसलंय का, मी विचारलं तर अभ्यास आहे म्हणते. नेसरीनने त्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे माझ्यामुळे. तिने सांगितलं, तुझ्यामुळे नाही, तू तीन वर्षांचा होतास. पण फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आणखी एकाच्या डोक्यावर आपण धोंडा ठेवला.

गुरुवारी ती रुटगरच्या खोलीत गेली आणि दार लावून म्हणाली, परवा चौकात भेटली ती बाई माझी आई होती. रुटगरचे कान लाल झाले. मी काही वेडंवाकडं बोललो का, हे त्याने आधी विचारलं. तू चांगलाच वागलास, नेसरीन म्हणाली. औषधांचं दुकान मात्र दुसऱ्या गल्लीत आहे. तेव्हाच का नाही सांगितलंस, असं त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तोच दुसऱ्या फायलीकडे वळला. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी फारच सांभाळून बोलत होता, आणि ते तिला जास्त जड गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज कोरडा होता. लुबर्सबाई आता गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या वस्तीतल्या वृद्धाश्रमात असतात, तिने बेकरीवालीला विचारून काढलं होतं. स्वतः, डचमध्ये. उद्या दहाला ये, ती म्हणाली, आपण जायचंय. पण वाटेत तोंड उघडायचं नाही. मी सांगेन तेव्हाच बोलायचं.

शनिवारी दोघी बसने नव्या वस्तीत उतरल्या. वारा बोचत होता. इथे सगळ्या घरांच्या विटा एकाच रंगाच्या, सगळी वळणं सारखी. रिकाम्या हाताने जायचं नव्हतं; फुलं हवी होती, आणि इथलं फुलांचं दुकान आईला ठाऊक नव्हतं. तिने वही पिशवीतच ठेवली आणि कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याला थांबवलं.

त्याने एका दमात सांगितलं: पुढच्या गोल चौकातून दुसरा रस्ता घ्या, सुपरमार्केट मागे टाका, मग उजव्या हाताला. चर्चपाशी पोचलात तर समजा फार पुढे आलात. नेसरीनला शब्दन्‌शब्द कळला. आईच्या हाती काय लागलं, तेही तिला आईच्या ओठांवरून कळलं: दुसरा, सुपरमार्केट, उजवीकडे, चर्च. आईने म्हाताऱ्याचे आभार मानले आणि लांबवर दिसणाऱ्या चर्चच्या मनोऱ्याकडे चालायला लागली.

नेसरीन मागून चालली. उजवीकडे फुलांचं दुकान आलं, बाहेर बादल्या मांडलेल्या, आणि आई मनोऱ्यावर नजर ठेवून रस्त्याच्या डाव्या कडेने पुढे निघून गेली. नुसती बाही ओढली असती तरी पुरलं असतं. नेसरीनने दातांखाली जीभ धरली. चर्चपाशी पोचल्यावर आई थांबली, चहूकडे पाहिलं, गुडघा चोळला. सायकलवरून आलेल्या एका मुलीला तिने विचारलं, तर ती रुमाल पाहून इंग्रजीत सुरू झाली. "डच, कृपा करून," आई म्हणाली. मुलगी ओशाळली, घाईत काहीतरी सांगून निघून गेली, आणि आईला त्यातलं काहीच कळलं नाही. ते तिने लपवलंही नाही. ती नुसती उभी राहिली, पिशवी दोन्ही हातांनी धरून.

लहानपणी नेसरीन नेहमी बोलत असायची. तिला समोरच्याचं तोंड दिसायचं. शेजारी उभ्या असलेल्या आईला काय वाटत असेल, इकडे तिने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. आज बोलायची बंदी असल्यामुळे तिला पाहण्यावाचून दुसरं कामच नव्हतं. आईच्या मानेची शीर ताठ झाली होती. डोळे लोकांच्या चेहऱ्यांवरून फिरत होते, कोण घाईत नाही, कोण हसेल, कोण हसणार नाही, हे जोखत. हे तिने किती वर्षं केलं असेल, असं नेसरीनच्या मनात आलं.

तिसरी भेटली ती बाबागाडी ढकलणारी एक बाई. तिने आईचं पूर्ण ऐकून घेतलं, आईने चुकीचा शब्द वापरला तेव्हा वाट पाहिली, आणि मग सरळ बाबागाडी वळवून दोघींना दुकानाच्या दारापर्यंत नेलं. आईने पिवळे ट्यूलिप घेतले. वीस मिनिटांचं काम, सव्वा तास लागला होता.

लुबर्सबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या. खिडकीपाशी आरामखुर्चीत बसल्या होत्या, लांब हात मांडीवर, कानाला यंत्र. त्यांनी आईला ओळखलं. पण नाव त्यांना कधी माहीतच नव्हतं. आईने फुलं दिली आणि उभ्यानेच, छातीशी हात धरून, वाक्य म्हटलं. तिच्याजवळ जे शब्द होते त्यांतूनच तिने ते जुळवलं होतं.

"बाई, मी चुकीच्या रस्त्याने गेले. खूप वर्षं."

"बस चुकली का तुमची?" लुबर्सबाई कळवळून म्हणाल्या. आणि बसथांबा कसा गाठायचा ते त्यांनी सविस्तर सांगायला घेतलं: दारातून बाहेर, मग डावीकडे, सायकलींच्या छपरापर्यंत. आईने मध्ये न तोडता, मान हलवत सगळं ऐकून घेतलं. मग ती नेसरीनकडे वळली.

"आता बोल."

लुबर्सबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून नेसरीनला मोठ्याने बोलावं लागलं. पलीकडच्या टेबलावर पत्ते खेळणाऱ्या दोन बायकांनी पत्ते खाली ठेवले. चहाची गाडी ढकलत आलेली परिचारिका दारातच थांबली. नेसरीनने सांगितलं की ही माझी आई, झेलिहा. तुम्ही तिला वर्गाला बोलावलं होतं आणि मी तिला जागा नाही म्हणून सांगितलं. ती तुमच्याशी बोलली नाही ती त्यामुळे. दोष तिचा नाही.

बोलून झालं. आई तिच्या ओठांकडेच पाहत होती.

"का सांगितलंस, ते नाही बोललीस," आई तुर्कीत म्हणाली.

नेसरीन चकित झाली. आजवर तिच्या डचमधून काय सांगायचं राहिलं, हे आईने कधी पकडलं नव्हतं. पकडणं शक्यच नव्हतं.

मग तिने तेही सांगितलं. भावाला सांभाळावं लागलं असतं. मला पट्टीवरून चालायला जायचं होतं. एवढ्याचसाठी.

लुबर्सबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्या दिवसाचं मला काही आठवत नाही, त्या म्हणाल्या, किती बाया यायच्या. आठवतं ते बेकरीतलं. "मला वाटायचं, माझ्याच हातून काहीतरी घडलंय. घरी येऊन नवऱ्याला विचारायचे, मी त्या बाईला काय बोलले असेन रे?" मग त्या नेसरीनकडे वळल्या. अकरा वर्षांच्या पोरीच्या हाती आम्ही निरोप द्यायला नको होता, असं म्हणाल्या. नेसरीनने मान खाली घातली. तिला दोष हवा होता, आणि त्यातलाही अर्धा या म्हातारीने स्वतःकडे ओढून घेतला होता.

लुबर्सबाईंनी आईला कॉफी घेणार का म्हणून विचारलं. आईने नेसरीनकडे न पाहता हो म्हटलं आणि खुर्ची ओढून घेतली.

त्यानंतर आई दर गुरुवारी तिथे जाऊ लागली. पहिल्या महिन्यात दोघींना बोलायला फारसं काही नव्हतं. लुबर्सबाई वस्तूंकडे बोट दाखवायच्या आणि आई नावं सांगायची, चुकलं तर दोघी हसायच्या. एकदा आईने कापून नेलेलं पालकाचं बोरेक, पापुद्र्यांच्या थरांत भाजलेलं, त्यांना इतकं आवडलं की पुढच्या खेपेला पत्ते खेळणाऱ्या बायकाही ताटल्या घेऊन आल्या.

नेसरीनशी मात्र सगळं पूर्वीसारखं झालं नाही. आई बोलत होती, जेवायला बोलावत होती, पोरीही म्हणू लागली होती. पण आलेली पत्रं आता ती नेसरीनपुढे टाकत नसे. आधी स्वतः वाचायची, शब्दाखाली रेघ मारायची, आणि रेघ मारलेल्या शब्दापुरतंच विचारायची. ही शिक्षाच आहे, असं नेसरीनला सुरुवातीला वाटलं. जून उजाडला तेव्हा ती वरच्या जागेवर बसू लागली होती. लोकांनी अभिनंदन केलं. तिला मात्र चीजच्या दुकानावरून जाताना अजूनही दुसऱ्या बाजूने जावंसं वाटे.

सप्टेंबरात आईचा गुडघा दाखवायला दोघी इस्पितळात गेल्या. नाव पुकारलं तसं नेसरीन सवयीने उठली. आई म्हणाली, तू इथेच बस. दार नीट लागलं नव्हतं. फटीतून आईचा आवाज ऐकू येत होता, अडखळणारा, मध्येच थांबणारा. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. आईने पुन्हा सुरुवात केली. नेसरीन दोनदा खुर्चीच्या कडेवर आली आणि दोनदा मागे टेकली.

वीस मिनिटांनी आई बाहेर आली. कपाळावर घाम होता. तिने एक कागद पुढे केला. बरंचसं समजलं, ती म्हणाली, एक शब्द नाही समजला, तो लिहून मागितला.

नेसरीनने वाचलं. शस्त्रक्रिया. आईला इस्पितळातल्या सुरीची किती धास्ती आहे, ते तिला ठाऊक होतं. 'उपचार' म्हणून भागवता आलं असतं, 'पुढे बघू' म्हणता आलं असतं. आई तिच्या तोंडाकडे पाहत उभी होती.

"गुडघा कापून आतला सांधा बदलतात," ती म्हणाली. "तुझा बदलावा लागेल म्हणतात."

आई जवळच्या खुर्चीवर बसली. मग तिने विचारलं, कधी म्हणतात, आणि नेसरीनने तेही कागदावर होतं तसंच सांगितलं.